दहा घरं आणि एक वही : उपकारस्तुतीच्या कामाच्या नोंदी

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ होड्यांची मशीनं दुरुस्त करण्याचं माझं छोटं गॅरेज आहे. हातात आलेल्या प्रत्येक मशीनची मी वही ठेवतो: काय बिघडलं होतं, काय बदललं, किती पैसे गेले, माझं कुठे चुकलं. त्या वह्या बघून दोन-तीन पोरं काम शिकली. ही नोंदवहीही त्याच पद्धतीची आहे. देवाचे आणि माणसांचे उपकार रोजच्या जगण्यात मानायचे म्हणजे काय, हे लहानपणापासून मला तोंडपाठ होतं, हाताला मात्र येत नव्हतं. कुणाला हे काम करून बघायचं असेल तर माझा गेला तो वेळ त्याचा तरी वाचावा.

12 ऑक्टोबर 2025, रविवार

आजच्या मिस्सेत लूकच्या शुभवर्तमानातला सतरावा अध्याय वाचला. दहा कुष्ठरोगी बरे होतात, वाटेतून मागे फिरतो तो एकटाच, आणि तोही शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. फादरांचं प्रवचन पुढे गेलं, मी त्या प्रश्नापाशीच राहिलो. त्या नऊ जणांनी वाईट काहीच केलं नव्हतं. याजकाला जाऊन दाखवा असं सांगितलं होतं, ते तिकडेच निघाले होते. घरी पोचायची घाई असेल. मलाही होती.

2023 च्या वसुबारसेच्या रात्री, 9 नोव्हेंबरला, आमची मुलगी जन्मली आणि बायकोचं रक्त थांबेना. तीन बाटल्या रक्त चढवलं, शेवटी गर्भपिशवी काढली, तेव्हा ती वाचली. त्या रात्री आणि पुढच्या दहा दिवसांत किती जणांचे हात लागले त्याला गणती नाही. सगळं निस्तरल्यावर मी गॅरेज उघडलं ते उघडलंच. एकाच्याही दारात परत गेलो नाही.

काम ठरवलं ते असं: 30 नोव्हेंबरला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार आहे, तोवर दहा घरं. त्या रात्रीचीही आणि त्याआधीची राहून गेलेलीही. शिवाय रोज रात्री तेर्स, म्हणजे घरातली रोझरीची प्रार्थना, झाल्यावर वहीत त्या दिवसाचे तीन उपकार. दोनशे पानी वही, 60 रुपये. यादी करायला बसलो तर सातच नावं आठवली. आणखी दोन बायकोने न थांबता सांगितली. दोन्ही बायकांची होती. दहाव्याला नावच नव्हतं. तिथे 'ज्याचं रक्त' एवढंच लिहिलं.

15 ऑक्टोबर, बुधवार

तीन रात्रींची पानं आज वाचली. पहिल्या रात्री: आरोग्य, घर, अन्न. दुसऱ्या रात्री: घर, आरोग्य, काम. तिसरी पहिल्यासारखीच. शिकाऊ पोराने मशीनच्या वहीत 'मशीन बरं आहे' एवढंच लिहिलं तर मी त्याला पान फाडून परत लिहायला लावतो.

फादरांना विचारलं. त्यांनी संत इग्नेशियसची रीत सांगितली. रात्रीच्या आत्मपरीक्षणात पापं नंतर, आधी देवाने दिलेलं आठवून उपकार मानायचे, आणि मग दिवस तासातासाने तपासायचा. मी जॉबकार्डासारखे तीन रकाने आखले: किती वाजता, कुणाच्या हातून, काय. आजची एक नोंद जशीच्या तशी:

'दुपारी सव्वा वाजता. आई. पेडव्यांचे काटे काढून पोरीला भात भरवत होती. हात कापतात म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. घास अंगठ्याने दाबून काटा नाही ना ते बघायची, मगच पोरीच्या तोंडात. अर्धा तास चाललं. तिच्या ताटातला भात निवून गेला.'

हे रोज माझ्यासमोर घडत असणार. आज दिसलं, कारण रात्री वेळेसकट लिहायचं होतं.

17 ऑक्टोबर, शुक्रवार. पहिलं घर

आज वसुबारस, तिथीने दोन वर्षं झाली. त्या रात्री दोन वाजता शेजाऱ्यांनी लुंगीवरच गाडी काढली होती. मी 480 रुपयांचा केक घेतला, पाकिटात दोन हजार घातले आणि त्यांच्याकडे गेलो. सबंध वाटेत एक वाक्य घोकत होतो. ओटीवर उभा राहून म्हटलं, "त्या रात्री तुम्ही होतात म्हणून. मनापासून आभार."

काका पाकिटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पेट्रोलाचो हिशोब करूक इलंस? शेजाऱ्याचे आभार मानतत रे? माका परको करतंस?"

चहा दिला, पण बोलणं सरळ झालंच नाही. निघताना काकींनी चकल्यांची पिशवी हातात दिली. पाकीट तसंच परत आणलं. दोन वर्षं न जाण्याची चूक होती, आज जाऊन दुसरी केली.

रात्री आईला सांगितलं. ती म्हणाली, "आमी आभार कदी मानले? आमी 'देव बरें करूं' म्हणतंव."

हे मी जन्मल्यापासून ऐकतोय. आजी कुणी माडाची झावळ आणून टाकली तरी हेच म्हणायची. आज पहिल्यांदा त्याचा अर्थ धरून बसलो. 'आभार' म्हटलं की भार आला. 'उपकार' म्हटलं की आपल्याकडे लगेच फेड येते, आणि फेडता येत नाही तोवर माणूस समोरून जायचं टाळतो. मी दोन वर्षं काकांची नजर टाळत होतो ती यामुळेच, हे लिहिताना हात जड होतो आहे. 'देव बरें करूं' म्हणणारा आपलं देणं देवाच्या हातात ठेवतो. देणाऱ्यालाही हिशोब नको, घेणाऱ्यालाही नको. चर्चमध्ये आपण उपकारस्तुती म्हणतो त्यात स्तुती आहे, फेड नाही. घरी मी नुसती फेड घेऊन निघालो होतो.

20 ऑक्टोबर, सोमवार. परत पहिलं घर

रिकाम्या हाताने, पोरीला कडेवर घेऊन गेलो. काका आकाशकंदील लावत होते, मी शिडी धरली. मग त्यांना त्या रात्रीची माहीत नसलेली गोष्ट सांगितली. डॉक्टर म्हणाले होते की आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. काका शिडीवरच थांबले. "अर्धो तास?" एवढंच विचारलं. उतरून त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "देव बरें करूं, काका." या वेळी ते रागावले नाहीत.

पुढच्या सगळ्या घरांसाठी ठरवलं: पाकीट नाही, खोका नाही. तुमच्या हातून जे झालं त्याचं पुढे काय झालं, ते सांगायचं.

24 ऑक्टोबर, शुक्रवार. दुसरं घर, फुकट फेरी

वॉर्डातल्या सिस्टर. त्या रात्री बायकोचा हात धरून त्या पहाटेपर्यंत बसल्या होत्या. फोन न करता मोटारसायकलने गेलो. त्यांची बदली होऊन वर्ष झालं होतं. पेट्रोल 400 रुपये, कामाचा एक दिवस गेला. तिथल्याच बाकावर बसून वहीच्या दोन पानांचं पत्र लिहिलं आणि वॉर्डात ठेवलं. कुणी करणार असेल तर आधी फोन करा, एवढंच सांगतो.

29 ऑक्टोबर, बुधवार. कामात चूक

तिसऱ्या घरी चारला पोचायचं होतं. शाळेतले माझे सर, दहावीची फी त्यांनी भरली होती. त्या घाईत एका होडीच्या मशीनचा पाण्याचा पंप जोडताना इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाची, चावी बसवायची राहिली. पिंपात मशीन चालवून पाण्याची धार येते का ते बघायचं असतं, तेही केलं नाही. 'उद्या बघू' म्हणून मशीन दिलं. समुद्रात गरम होऊन हेडचं गॅस्केट जळलं. गॅस्केट आणि मजुरी मिळून 2,300 रुपये माझ्या खिशातून गेले. होडीवाल्याचे ऐन बांगड्याच्या दिवसांतले दोन दिवस गेले, ते मी भरून देऊ शकत नाही. त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. तो ओरडला, त्याचं बरोबर होतं.

उपकार मानायच्या कामासाठी दुसऱ्याच्या कामातला वेळ काढायचा नाही. इथून पुढे घरं फक्त रविवारी किंवा गॅरेज बंद झाल्यावर.

3 नोव्हेंबर, सोमवार. चौथं घर

काल मृतांचा दिवस. संध्याकाळी बाबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावताना चौथ्या नावाचं काय करायचं ते कळत नव्हतं. मला मशीन शिकवणारे चाचा 2021 मध्ये कोविडने गेले. त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावायची रीत नाही. म्हणून आज चाचीकडे गेलो.

चाचा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवून मूठ कानाला लावायचे. बेअरिंग वाजतंय की व्हॉल्व्ह, ते डोळे मिटून सांगायचे. माझ्या कानाला मूठ लावून विचारायचे, "काय बोलता?" मी चुकलो की परत लावायचे. चार वर्षांत एकदाही हात उगारला नाही. त्या शिकण्यावर माझं घर उभं आहे.

चाचीला हे सगळं सांगितलं. तिने मधे मधे "व्हय" एवढंच म्हटलं. मग आत जाऊन तो स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. मूठ लाकडी, अंगठ्याच्या जागी खोलगट झालेली. माझा अंगठा त्यात बसला, पण पुरता नाही. चाचांचा अंगठा मोठा होता. मी घ्यायला नको म्हणालो. ती म्हणाली, "हयसर तो मुको पडलोहा." मी घेतला. अजून वापरलेला नाही.

9 नोव्हेंबर, रविवार

आज पोरगी दोन वर्षांची झाली. केक, फुगे, शेजारपाजार. रात्री सगळे गेल्यावर बायको मोरीत भांडी घासताना रडत होती. कशासाठी ते मला माहीत होतं. दुसरं मूल होणार नाही. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "जे मिळालं त्याचे उपकार मान. तू वाचलीस, पोर हसतंय-खेळतंय."

ती वळून म्हणाली, "माज्या रडण्याक तुज्या वहीत जागा नसात, तर ती वही चुलीत घाल."

या कामात माझ्याकडून झालेली ही सगळ्यात मोठी चूक. गॅस्केटची किंमत भरता आली, हिची नाही. तिचं दुःख मला बघवत नव्हतं म्हणून ते झाकायला मी देवाचं नाव वापरलं. त्या रात्री वहीत काही लिहिलं नाही.

11 नोव्हेंबर, मंगळवार

फादरांकडे गेलो आणि झालं ते सांगितलं. त्यांनी मला समजावलं नाही, बायबलमधली स्तोत्रं उघडून दिली. दीडशे स्तोत्रांपैकी निदान तिसरा हिस्सा रडण्याचा आणि तक्रारीचा आहे. 13 वं 'किती काळ' असं विचारत सुरू होतं आणि गाण्यापाशी संपतं. 88 वं गाण्यापर्यंत पोचतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते प्रार्थनेतून कुणी काढून टाकलेलं नाही. क्रुसावर येशूने 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली, ती तर देवाने मला का सोडलं हीच आहे.

बायबलमधल्या पत्रात संत पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा'. मी ते 'सर्व स्थितीबद्दल' असं वाचत आलो होतो. शब्द 'स्थितीत' आहे. संदेष्टा योना माशाच्या पोटात असतानाच उपकाराचं बोलतो, पण माशाने गिळलं ते बरं झालं असं तो म्हणत नाही. इफिसकरांच्या पत्रात मात्र 'सर्व गोष्टींबद्दल' असंही आहे. त्या ओळीपर्यंत मी अजून पोचलेलो नाही. माझ्या बायकोला तर मी तिकडे ढकलणार नाही.

वही बदलली. डावं पान तक्रारीचं, उजवं उपकाराचं. दोन्ही पानं देवालाच सांगायची. आज पहिल्यांदा बायकोने लिहिलं. डावं पान भरून. मी ते वाचलं नाही. उजव्या पानावर तिने एक ओळ लिहिली आणि ती मला दाखवली: 'चार दिवस दूध दिलं, तिच्याकडे मीच जाणार.'

15 नोव्हेंबर, शनिवार

पाचवं, सहावं आणि सातवं घर या आठवड्यात संध्याकाळी झाली. सगळी बरी गेली, लिहिण्यासारखं फार नाही. सिस्टरांचा फोन आला, पत्र त्यांना पोचलं. त्यांना आमची आठवण नव्हती, तसं त्यांनी सांगितलंही. आधी मन खट्टू झालं. मग वाटलं, जी बाई इतक्या रात्री इतक्या जणींचा हात धरून बसली, तिने एकेकीला कुठे लक्षात ठेवावं? ते माझं काम होतं.

सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. बऱ्याच वर्षांनी दोरीला हात लावला. बांगडे आणि थोडी सौंदाळी. वाळूवर वाटे पडले. एक म्हातारी शेवटी येऊन दोरीच्या टोकाला नुसती हात लावून उभी होती, तिच्या पदरातही वाटा पडला. किती ओढलंस असं तिला कुणी विचारलं नाही. माझ्या वाट्याला सात बांगडे आले. जेवताना पोरीने आईचं बघून ताटासमोर हात जोडले. जेवणाआधीची प्रार्थना मी कित्येक वर्षं एका श्वासात उरकत आलोय. पाच भाकरी आणि दोन मासे एवढंच हातात होतं तेव्हाच येशूने उपकार मानले होते, सगळ्यांची पोटं भरल्यावर नव्हे. आज सावकाश म्हटली. बांगडा ताटात होता, बायको अजून माझ्याशी नीट बोलत नव्हती.

20 नोव्हेंबर, गुरुवार. आठवं घर

बायको शुद्धीवर नव्हती तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातल्या, बाईने चार दिवस आमच्या पोरीला आपलं दूध पाजलं. यादी करताना हे नाव मला आठवलं नव्हतं. कारण मी तेव्हा औषधं आणायला धावत होतो आणि पोर रडायची का थांबली ते विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मालवणच्या बाजूला तिच्या घरी पोचलो. आधी फोन केला होता. ती अंगणात जाळं विणत होती. तिचा मुलगाही दोनच वर्षांचा. दोन्ही पोरं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मी ठरवल्याप्रमाणे सांगायला सुरुवात केली तर बायकोने हाताने गप्प केलं. ती त्या बाईशेजारी जमिनीवर बसली, जाळ्याचं दुसरं टोक मांडीवर घेतलं. कितीतरी वेळ कुणीच बोललं नाही. मग ती बाई म्हणाली, "तुजा चेडू जोरात पिवायचा. माज्या झिलाक पुरना नाय." दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता बायको रडली. त्या बाईने तिला रडू दिलं, काही समजावलं नाही. मी बाहेर जाऊन माडाखाली थांबलो.

परतताना गाडीवर बायको म्हणाली, "दोन पोरांची आवय झालंय असा वाटला."

29 नोव्हेंबर, शनिवार. दहावं

नववं घर बाकी आहे. ते मुंबईला आहेत, नाताळात येतील.

'ज्याचं रक्त' या ओळीसमोर कुणाच्या दारात जाणार? रक्त देणाऱ्याचं नाव रक्तपेढी सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. 2023 मध्ये पेढीतून घेतलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त मेहुण्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी दिलं होतं. मी दिलं नव्हतं. सुईच्या भीतीने मागे राहिलो होतो, आणि हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून आज रक्तपेढीत गेलो.

फॉर्म भरला. बोट टोचलं. ताईंनी निळ्या द्रावणाच्या बाटलीत माझ्या रक्ताचा थेंब सोडला. तो खाली जायला हवा. माझा थेंब निम्म्यापर्यंत गेला, तिथे थांबला आणि हळूहळू वर आला. त्यांनी यंत्रावर परत तपासलं. हिमोग्लोबिन 11.8. साडेबारा लागतं. "आज घेता येणार नाही, दादा."

मी म्हटलं, मी मोठ्या कामासाठी आलोय. त्या म्हणाल्या, इथे सगळे त्याचसाठी येतात. डॉक्टरांना दाखवून लोहाच्या गोळ्या घ्या, मग या.

गाडीवर सबंध वाट तो थेंब डोळ्यांसमोर होता. इतक्या तयारीने गेलो आणि देण्याइतकं माझ्याकडे नव्हतंच. त्या रात्री ज्याचं रक्त आलं त्याचा थेंब तळाला गेला असणार.

आतापर्यंतचा खर्च: वही 60, केक 480, पेट्रोल सगळं मिळून 1,150, गॅस्केटचे 2,300. कामाचे अडीच दिवस. केक आणि गॅस्केट टाळता आलं असतं.

30 नोव्हेंबर, रविवार

आगमनकाळाची पहिली मेणबत्ती आज लागली. वहीत आठ नावांपुढे खूण आहे, नवव्यापुढे 'नाताळ', दहाव्यापुढे '11.8'.

आईने जेवताना नाचणीची भाकरी आणि माठाची भाजी वाढली, तीही दोनदा. डाव्या हाताने उजवं मनगट धरून. मी ताट पुढे केलं.

"देव बरें करूं, आई."

"खा आधी," ती म्हणाली.